आठ डोकी उंच

उघडं अंग आम्हाला नवीन नाही. बाप बारा महिने उघड्या अंगानंच राबला. त्याला कुणी कधी 'न्यूड' म्हणालं नाही. चित्रकला शिकायला शहरात गेलो तेव्हा कळलं, उघड्या अंगालाही प्रतिष्ठा असते. ती कुणाच्या अंगाला मिळायची, हे मात्र आधीच ठरलेलं.

आमच्या वर्गात मॉडेल म्हणून एक म्हातारा बसायचा. जन्मभर हमाली केलेला. सर शिकवायचे, माणूस स्वतःच्या डोक्याच्या मापानं आठ डोकी उंच. हात ताठ करा, पेन्सिल धरा, एक डोळा मिटा, मापा. आम्ही मापलं. म्हातारा सात डोकीही भरेना. मान खांद्यात गेलेली. सर म्हणाले, 'प्रपोर्शन दुरुस्त करून घ्या.' पोरांनी भराभर त्याची मान वर काढली, खांदे सरळ केले. पन्नास वर्षांचं ओझं खोडरबरानं पुसून टाकलं. सुट्टीत म्हातारा सगळ्यांची चित्रं बघत फिरला. माझ्यापाशी थांबला नि म्हणाला, 'हे समदे कोन हायेत रं?'

या प्रश्नाचं उत्तर मला नागपूरच्या सवी सावरकरांच्या चित्रांत सापडलं. जन्म १९६१ चा, बडोद्याला मुद्राचित्रण शिकलेला हा चित्रकार. गळ्यात मडकं नि कमरेला झाडू बांधलेला माणूस त्यांच्या चित्रांत पुन्हापुन्हा येतो. पेशवाईतल्या पुण्यात थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून मडकं, उमटलेलं पाऊल पुसलं जावं म्हणून झाडू. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये हे लिहून ठेवलंय. सावरकरांनी ते जाड काळ्या रेघेत अंगावर काढलं. तिथं माप डोक्याचं नाही, मडक्याच्या वजनाचं आहे.

पण दोस्तांनो, एवढ्यावर थांबायचं? वाकलेलं अंग एवढीच आपली ओळख?

वस्तीतला बाबासाहेबांचा पुतळा बघा. निळा कोट, हातात पुस्तक, बोट वर. गावच्या कारागिरानं सिमेंटात घडवलेला. डोकं मोठं, हात आखूड. सरांनी नापासच केला असता. पण त्याच्यासमोरून जाताना आमचा माणूस छाती काढून चालतो. संसदेच्या आवारात १९६७ साली ब्रह्मेश वाघांनी घडवलेला ब्राँझचा पुतळा उभा राहिला. त्याचं शरीरशास्त्र चोख. पण दोन्ही पुतळ्यांची पाठ सारखीच, ताठ.

गेल्या साली मायचं चित्र काढायला बसलो. विचारलं, 'कशी काढू?'

माय म्हणाली, 'खुर्चीवर बसलेली काढ. हातात खुरपं बी राहू दे. आन् पाठ जेवढी वाकलीय तेवढीच काढ. जास्ती नगं, कमी नगं.'

हे माप अजून कुठल्या पुस्तकात छापलेलं नाही. मी तेच गिरवतोय.