आतल्या टिपा

आईचा मापाचा ब्लाउज माझ्याकडे आहे. टू बाय टू रुबियाचा, गडद हिरवा, काखेत रंग विटलेला. उलटा केला की बाजूच्या शिवणीलगत तीन टिपांच्या खुणा दिसतात. दोन टिपांचा दोरा केव्हाच निघालाय, पण सुईची भोकं कापडात तशीच राहिली आहेत. अंगाकडची टीप लग्नानंतरची. मधली माझ्या जन्मानंतरची. कडेची टीप धाकट्या भावाच्या वेळची, आणि ती पुढे कितीतरी वर्षं टिकली. शेवटच्या आजारपणात आई वाळत गेली, तेव्हा पहिल्या टिपेच्याच रेषेवर मी हाताने धावदोरा घातला. घाईत काळा दोरा हाताशी आला, म्हणून तो हिरव्या कापडावर उठून दिसतो.

मापाचा ब्लाउज म्हणजे काय, हे आता मुलींना समजावून सांगावं लागतं. कराडला आमच्या पेठेतले टेलर पुरुष होते. बाईच्या अंगाला टेप लावायची नाही, हा त्यांचा आणि आमचा दोघांचाही शिरस्ता. म्हणून नवीन कापडासोबत अंगाला नीट बसणारा एक जुना ब्लाउज द्यायचा. मास्तर तो टेबलावर पसरायचे, तळहाताने सुरकुत्या काढायचे आणि एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत टेप धरून आकडा दुप्पट करायचे. छाती, कंबर, उंची, शोल्डर, मुंढा, बाहीची लांबी, दंडाचा घेर, पुढचा गळा, मागचा गळा. वहीत एका ओळीत नऊ आकडे उतरायचे आणि शेजारी त्याच कापडाचा बोटभर तुकडा टाचणीने लावलेला असायचा. आई थोडी पुढे झुकून सांगायची, "मास्तर, मुंढ्यात काचतोय." ते म्हणायचे, "अर्धा इंच सोडतो, वहिनी." एवढंच बोलणं. काचत होता तो मुंढा. चूक ब्लाउजची होती आणि ती अर्ध्या इंचाने दुरुस्त होणार होती. आईचं अंग सुटलं असं तिथे कुणी म्हटलं नाही, आणि आईच्याही ते मनात आलं असेल असं मला वाटत नाही.

नवा ब्लाउज शिवतानाच मास्तर दोन्ही बाजूंना भरपूर कापड आत सोडायचे आणि तीन टिपा मारून द्यायचे. अंग भरलं की दुपारी जेवणं झाल्यावर आई दारात उजेडाला बसायची आणि ब्लेडच्या कोपऱ्याने आतली टीप उसवायची. पाच मिनिटांचं काम. बाईचं अंग आयुष्यभर एकसारखं राहत नाही, हे त्या शिंप्याने कापड कापतानाच धरून ठेवलेलं असायचं. हे किती मोठं शहाणपण होतं ते मला फार उशिरा कळलं.

आमच्या शाळेच्या निळ्या स्कर्टचंही तसंच. "वाढत्या अंगाचा शिवा," असं आई सांगायची. खाली चार बोटं दुमड. दर जूनमध्ये ती थोडी सोडायची, आणि विटलेल्या निळ्यावर जुन्या दुमडीची गडद रेघ उमटायची. वर्गात बहुतेक मुलींच्या स्कर्टवर अशी एखादी तरी रेघ असे. ज्या मुलीला दोन रेघा, ती झपाट्याने उंच झालेली. आम्ही त्या कौतुकाने मोजायचो.

१९८८ मध्ये मी कॉलेजसाठी पुण्याला आले आणि पहिल्यांदा तयार पंजाबी ड्रेस घेतला, लक्ष्मी रोडला. कॉलरच्या आत ३६ असा आकडा होता. तो छातीचा इंचांतला आकडा, हे मला विचारावं लागलं नाही. घरी टेप लावून पाहिलं, तर आकडा माझ्या अंगाचा होता आणि ड्रेस त्याहून तीन-चार इंच सैल. श्वास घ्यायला, हात वर करायला तेवढी सैल जागा लागतेच. हिशेब सरळ होता.

घोटाळा सुरू झाला कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटवर. तिथे निर्यातीतून उरलेला माल ढिगाने यायचा, बहुतेक शर्टांची लेबलं कापलेली असायची. विक्रेता शर्ट माझ्या खांद्याला लावून बघायचा आणि म्हणायचा, "ताई, बसतोय." त्याची नजर सहसा चुकत नसे. पण कधी कधी कापायचं राहिलेलं लेबल हाती लागे. एका शर्टावर ६, दुसऱ्यावर १०. पाठीला पाठ लावून धरले तर दोन्ही सारखेच रुंद. सहा म्हणजे कशाचे सहा? इंच नव्हेत, वय नव्हे. त्या आकड्याला मोजण्याजोगं काहीच चिकटलेलं नव्हतं, आणि हे मला तेव्हाही खटकलं होतं.

त्या आकड्यांमागची गोष्ट पुष्कळ वर्षांनी वाचनात आली. १९३९-४० मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने सुमारे १५,००० बायकांची मापं घेतली. गृहविज्ञानाचा विभाग तिथे कृषी खात्यात होता. रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांच्या देखरेखीखाली एकेका बाईची ५९ मापं टिपली गेली. कॅटलॉग पाहून टपालाने कपडे मागवायची तिथे पद्धत होती, आणि न बसलेले कपडे परत यायचे. तो तोटा थांबवायचा होता. ज्या बायका गोऱ्या नव्हत्या त्यांची मापं शेवटच्या हिशेबात धरलीच नाहीत. म्हणजे पहिल्या पावलापासून 'सर्वसाधारण बाई' ठरवताना काहीजणी दाराबाहेर राहिल्या. १९५८ मध्ये त्या मापांच्या आधाराने सरकारी प्रमाण नंबर ठरले. त्यात ८ नंबरला छाती ३१ इंच होती. सक्ती कुणावरच नव्हती. १९७० मध्ये हे नंबर बदलले आणि १९८३ मध्ये ते मागेच घेतले गेले.

मग ज्याची त्याची फूटपट्टी झाली. बाईला लहान आकडा आवडतो हे कंपन्यांनी हेरलं आणि तेवढ्याच कापडावर दोन नंबर खालचं लेबल लागू लागलं. आकडे इतके घसरले, की सडपातळ अंगासाठी आधी शून्य नंबर काढावा लागला आणि मग त्याच्याही खाली दोन शून्यांचा. १९५८ मध्ये जिला ८ लागायचा, तिला आज त्या दोन शून्यांच्या आसपास शोधावं लागतं. इंग्रजीत या खुशामतीला व्हॅनिटी साइझिंग म्हणतात.

ती खुशामत मी स्वतः अनुभवली आहे. पन्नाशीला आले होते. एका चकचकीत दुकानात मी एक्सएल मागितला, तर तिथली मुलगी म्हणाली, "मॅडम, आमचं माप मोठं येतं, तुम्हाला मीडियम बसेल." बसला. गरज नसताना मी दोन कुर्ते घेतले आणि घरी पोहोचेपर्यंत खुशीत होते. त्या खुशीचे पैसे मी मोजले होते, हे नंतर लक्षात आलं. मात्र त्याच प्रकाराची दुसरी बाजू मला माझ्या मुलीने दाखवली.

ती तेव्हा सतरा वर्षांची. दिवाळीची खरेदी होती. पहिल्या दुकानात तिला एम बसला. त्याच मजल्यावरच्या दुसऱ्या दुकानात एम डोक्यातून खाली येईना, म्हणून एल नेला, मग एक्सएल. ट्रायल रूमच्या दारावर मी दोनदा टकटक केली. आतून उत्तर नाही. थोड्या वेळाने दार फटीएवढं उघडलं. ती आतल्या स्टुलावर बसली होती, कुर्ता मांडीवर, चेन अर्धी लागलेली. वरून पांढरा दिवा आणि तिन्ही बाजूंना आरसे. "आई, मला एक्सएल पण होत नाहीये," ती म्हणाली. रात्री तिने अर्धीच पोळी खाल्ली. भाताला नाही म्हणाली. पुढचा महिनाभर मी तिच्या ताटाकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी पर्समध्ये टेप घालून मी एकटीच परत त्या मजल्यावर गेले. दोन्ही कुर्ते ट्रायल रूममध्ये नेले, स्टुलावर सपाट पसरले, मास्तरांसारखा तळहात फिरवला आणि एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत टेप धरली. एमची छाती ३९ इंच भरली. एक्सएलची साडेअडतीस. मुंढा तर त्याहूनही तोकडा. घरी येऊन मी तिला दोन्ही आकडे कागदावर लिहून दिले. ती बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे माझ्यात काहीच झालं नव्हतं?" नव्हतं. काहीच झालं नव्हतं. दुकानात असतानाच हे तिला सांगायला हवं होतं.

असं का होतं, हे नात्यातल्या एका मुलीने मला नीट समजावलं. बारामतीच्या टेक्स्टाइल पार्कमध्ये ती पॅटर्नचं काम करायची. प्रत्येक कंपनी एका अंगावर आपला मूळ नमुना बसवते. ते अंग कंपनीने निवडलेल्या एका मॉडेलचं असतं. त्या नमुन्यात ठरावीक इंच मिळवत गेलं की एल, एक्सएल तयार होतात आणि वजा करत गेलं की एस. याला ग्रेडिंग म्हणतात. पण अंग असं प्रमाणात वाढत नाही. छाती वाढली म्हणून खांदा तेवढा रुंद होत नाही, आणि बाळंतपणानंतर कंबर वाढली म्हणून दंड लांब होत नाहीत. त्यात टेबलावर कापडाचे कितीतरी थर एकावर एक रचून एकदम कापतात. सुरी जराशी कलली की वरच्या आणि खालच्या थरांत फरक पडतो. अर्ध्या इंचापर्यंतची चूक चालवून घेतली जाते. म्हणून एकाच कंपनीचे, एकाच नंबरचे, दोन रंगांचे कुर्तेसुद्धा कधी वेगवेगळे बसतात. आणि शिवणीच्या आत कापड म्हणाल तर बोटाच्या पेराएवढंही नसतं. ओव्हरलॉकचं मशीन जादा कापड कापतच पुढे जातं. लाखो कपड्यांत तेवढं कापड वाचतं. कुर्ता काचला, तर उसवायला त्यात काहीच उरलेलं नसतं.

तयार कपड्यांवर माझा राग नाही. पहाटे उठून डबे करून नोकरी गाठणाऱ्या माझ्यासारखीला त्यांनी सुटकेचा श्वास दिला. दिवाळीच्या आदल्या रात्री टेलरच्या पायरीवर ताटकळणं मी विसरलेले नाही, आणि कापताना बिघडवलेली एक चांगली पैठणीच्या काठाची बाहीही विसरलेले नाही. मला फक्त आकडा खरा हवा आहे.

आणि ते अशक्य नाही. आपल्या देशातल्या माणसांची मापं घ्यायचं काम निफ्ट या फॅशनच्या राष्ट्रीय संस्थेने हाती घेतलं. २०१८ मध्ये जाहीर झालेला हा 'इंडिया साइज' प्रकल्प होता. १५ ते ६५ वयाच्या २५,००० बायका-पुरुषांची मापं, मुंबईसह सहा शहरांत, थ्रीडी स्कॅनरने. कुणी अंगाला हात न लावता शेकडो मापं मिळतात. हे वाचलं तेव्हा मला मास्तर आठवले. तोवर आपण अमेरिका आणि युरोपातल्या अंगांवर बेतलेले तक्ते थोडेफार फिरवून वापरत होतो. शिवाय २०२२ मध्ये वैधमापनाच्या नियमांत दुरुस्ती झाली. सुट्ट्या विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यांवर एस, एम, एलसोबत सेंटिमीटरमधलं मापही छापावं, असं ती सांगते. मी आता लेबल उलटून बघते. पुष्कळ ठिकाणी सेंटिमीटर असतात. पण ते माझ्या छातीचे की कुर्त्याच्या छातीचे, हे लेबलावर क्वचितच लिहिलेलं असतं. तेवढे दोन शब्द छापायला किती शाई लागते?

कपडे विकणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे. छातीचं, कमरेचं आणि मुंढ्याचं माप लिहा, आणि ते अंगाचं की कपड्याचं तेही लिहा. आणि आयांनो, मुलीबरोबर खरेदीला जाताना पर्समध्ये टेप ठेवा. ती ट्रायल रूममध्ये गप्प झाली, तर आधी कपडा मोजा.

मागच्या महिन्यात मुलीच्या साखरपुड्याचा ब्लाउज शिवायला टाकला. आता शिवणाऱ्या बाई आहेत, त्या अंगावरच टेप लावतात. मुलगी हात पसरून उभी होती आणि आकडे मोठ्याने ऐकत होती. मापाला आईचा हिरवा ब्लाउज मी नेला नव्हता, पण निघताना एक गोष्ट विचारलीच, बाजूला आत कापड किती सोडणार?

"दीड इंच, काकू. तीन टिपा मारून देते."