एवढेसे बूच

माणसाची नजर जात्याच मोठ्या वस्तूंकडे जाते. लग्नात आपण मांडवाची रोषणाई पाहतो; मांडव ज्या सुंभाच्या गाठींवर उभा असतो, त्या कुणी पाहत नाही. जुन्या मोटारींचेही तसेच. लांबलचक बॉनेट आणि चकचकीत रंग पाहून आपण ‘वा!’ म्हणतो. पण गाडीत काय आहे यापेक्षा काय नाही हे आधी पाहणारीही काही माणसे असतात. माझा मावसभाऊ त्यांतला.

दादा इंग्लंडात कॉव्हेंट्रीला राहतो. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्याच्याकडे गेलो, तेव्हा त्याने नुकतीच 1965 सालची ट्रायम्फ स्पिटफायर घेतली होती. दोन माणसांची, बसकी, उघड्या टपाची गाडी. 1962 ते 1980 या काळात अशा तीन लाखांहून अधिक गाड्या निघाल्या, त्या याच गावातल्या कॅनलीच्या कारखान्यातून. तिची एक थोरली बहीण आपल्या वडीलधाऱ्यांच्या ओळखीची आहे. 1961 पासून मद्रासला तयार होऊ लागलेली स्टँडर्ड हेराल्ड ती हीच! मूळच्या ट्रायम्फ हेराल्डचा सांगाडा आखूड करून स्पिटफायर घडवली. पुढच्या चाकांची मांडणीही तिचीच उचलली.

शनिवारी पुतणीला पहिला फेरफटका मिळायचा होता. डोक्याला रुमाल बांधून ती तयार होऊन आली, तोच दादा गाडीखालून बाहेर सरकला आणि म्हणाला, “आज नाही.”

गाडीत नसलेल्या वस्तूंची यादी त्याने केलीच होती. बॉनेटवरच्या नावातले एक अक्षर गळाले होते. समोरच्या फळीवरची एक गुंडी नव्हती. दाराच्या मुठीचा एक स्क्रू बेपत्ता होता. या तिन्हींवर तो हसला होता. चौथ्या वस्तूवर मात्र अडला. पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूचे, बोटाच्या पेराएवढे एक बूच नव्हते.

या गाडीच्या पुढच्या प्रत्येक चाकामागे पोलादाचा एक उभा दांडा असतो. त्याच्या खालच्या टोकाला आटे पाडलेले असतात आणि ते टोक पितळी रंगाच्या एका सांध्यात बसते. सुकाणू वळवले की आटे त्या सांध्यात फिरतात. तिथे गिअरचे दाट तेल घालावे लागते. ग्रीस चालत नाही. ते आट्यांच्या तळापर्यंत नीट पोचत नाही. बूच काढायचे, तेल दाबून भरायचे, बूच पुन्हा लावायचे, एवढेच काम. पण हे करायचे राहिले किंवा तिथून पाणी शिरले, तर गंज चढतो, आणि तोही आत, कुणाला न दिसता. मग एखाद्या दिवशी वळण घेताना दांडा आट्यांपाशी तुटतो आणि चाक गाडीखाली दुमडते.

“मग नवं बूच लाव ना, बाबा!” पुतणी म्हणाली.

“बूच लावीन गं. पण ते कधीपासून नव्हतं, हे मला कोण सांगणार?”

तिचा चेहरा पडला. पण दादाने सांधा उघडला, तेव्हा तीच पुढे वाकून पाहू लागली. आत तेलाचा टिपूस नव्हता. आटे तांबूस झाले होते आणि त्यांना खड्डे पडले होते. गाडीचा रंग मात्र आरशासारखा होता. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती अशी! दोन्ही बाजूंचे सांधे आणि दांडे बदलल्यावरच पुतणीचा फेरफटका झाला. हे भाग अजून नवे बनतात. कारण ते मागणारी माणसे अजून आहेत.

मी पडलो मराठीचा मास्तर. स्पिटफायर बाजारात आली त्याच 1962 साली आपल्या शुद्धलेखनाचे नवे नियम झाले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गळाले. पूर्वी माणसाचे ‘नांव’ आणि नदीतली ‘नाव’ निराळी लिहीत. आता दोन्ही सारखीच, आणि तरी कुणी बुडाल्याचे ऐकिवात नाही! तो अनुस्वार म्हणजे बॉनेटवरचे अक्षर. आता ‘त्यांचा निरोप आला’ यातला टिंब काढून पाहा. एक तर अनेकांचा एक होतो, नाही तर सासरेबुवा एकदम अरेतुरेवर येतात. हा टिंब म्हणजे बूच. दिसायला दोन्ही टिंबे सारखीच. त्यांतला भार कोणता वाहतो, हे ओळखण्यातच सारे शहाणपण आहे.

दिवाळीच्या साफसफाईत कपाटाखाली एखादा अनोळखी स्क्रू हमखास सापडतो. घरातली मंडळी म्हणतात, “असेल कशाचा तरी, टाका!” टाकायला हरकत नाही. पण त्याआधी घरातून एक फेरी मारावी आणि तो कुठून निघाला आहे, तेवढे पाहून घ्यावे.