ओकायामाला उतरायचं का?

जपानच्या सहलीचं पत्रक हातात आलं की पुणेकर आधी दोन गोष्टी बघतो: साकुराच्या तारखा आणि सोबत स्वयंपाकी महाराज आहेत की नाहीत. चेरीचा बहर टोकियो-क्योतोकडे मार्चअखेरीला येतो, जेमतेम आठवडाभर टिकतो, आणि त्याच सुमारास सगळं जग तिकडे निघतं. त्यामुळे दर चढलेले. महाराजांचं कारण वेगळं. तिकडच्या साध्या दिसणाऱ्या सारातही सुकवलेल्या बोनिटो माशाचा अर्क असतो, हे बैठकीत कळल्यावर आमच्यातल्या शाकाहारी मंडळींनी बाकरवडीचे पुडे वाढवले.

मार्ग ठरलेलाच होता. टोकियो, फुजी, क्योतो, नारा, ओसाका, हिरोशिमा. मी दोन जागा सुचवल्या. पहिली, टोकियोच्या मेजिरो भागातलं महिला विद्यापीठ. नारुसे जिन्झो यांनी ते १९०१ मध्ये काढलं. त्याची माहितीपुस्तिका महर्षी कर्व्यांच्या हाती पडली आणि १९१६ मध्ये पुण्यात आपलं महिला विद्यापीठ उभं राहिलं. ही जागा वेळेअभावी गळाली. दुसरी, ओकायामा.

“तिथे काय आहे?” हा प्रश्न विचारणारे बहुतेक जण सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात आठवड्यातून एकदा तरी फिरायला जातात! दहा एकरांचं ते उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेलं आहे. उद्यानाला नाव मिळालं तेही ‘पूर्वरंग’मधून मराठी माणसाला जपान दाखवणाऱ्याचं. आमची गाइड पुण्यातच जपानी शिकलेली. ती म्हणाली, “काका, ओसाकाहून हिरोशिमाला जाताना गाडी ओकायामाला थांबतेच. आपण उतरत नाही, एवढंच.” मग उतरायचं ठरलं.

ओसाकाहून बुलेट ट्रेनने पाऊण तास. स्टेशनासमोर मोमोतारोचा पुतळा आहे. पीचच्या फळातून जन्मलेला आणि राक्षसांवर चालून गेलेला हा पोरगा तिकडच्या लोककथेतला. त्याच्या शिदोरीतले किबिदांगो, म्हणजे चिकट तांदळाच्या पिठाच्या मऊ गोळ्या, इथे दुकानोदुकानी मिळतात. पुड्यामागचा मजकूर गाइडताईकडून वाचून घेतल्यावर शाकाहाऱ्यांनी त्यांचाही फडशा पाडला.

कोराकुएन बांधून घेतली ती इथल्या इकेदा घराण्याच्या त्सुनामासा या सरदाराने. काम १६८७ मध्ये सुरू झालं आणि १७०० मध्ये पुरं झालं. १७०० म्हणजे जिंजीहून परतलेल्या राजाराम महाराजांचा सिंहगडावर अंत झाला ते साल. इकडे औरंगजेब किल्ल्यामागून किल्ले घेत फिरत होता, तिकडे तोकुगावांच्या राजवटीत शांतता मुरली होती आणि सरदारांना बागा लावायला सवड होती. ठरावीक दिवशी सरदार रयतेलाही आत येऊ देई, हे मला विशेष वाटलं. १८८४ मध्ये बाग सरकारकडे गेली आणि सर्वांना खुली झाली.

मला जपानी बाग म्हणजे वाळू, दगड आणि कातरलेली झुडपं एवढंच माहीत. इथे समोर येते ती ऐसपैस हिरवळ, आणि कडेला चक्क भाताची खाचरं आणि चहाचा मळा. सगळ्यात जास्त वेळ आम्ही र्‍यूतेनपाशी काढला. हा तळमजल्याला भिंती नसलेला लाकडी मांडव. त्याच्या मधोमध पाण्याचा पाट वाहतो आणि पाटात रंगीत दगड मांडलेत, मोजून सहा. दोन्ही बाजूंना फळ्यांची जमीन. बूट काढून बसायचं, पाण्याकडे बघायचं. आमच्यातल्या एका आजींनी पाय पाण्यात सोडायची परवानगी मागितली. ती मिळाली नाही. पुण्यातल्या बागेतही कालव्याचं पाणी असंच मधून खेळवलंय, ते कुणाचं बघून, हे इथे उमगलं.

या मांडवाचं नशीब मोठं. २९ जून १९४५ च्या हवाई हल्ल्यात शहर भाजून निघालं, बागेतल्या बहुतेक इमारती गेल्या, हा वाचला. नदीपलीकडचा काळाभोर किल्लाही त्याच रात्री जळाला. १५९७ मधला तो मनोरा १९६६ मध्ये काँक्रीटमध्ये पुन्हा उभारला; आत लिफ्ट आहे. गुडघेदुखीवाल्यांनी दुवा दिला, मला मात्र ती खटकली. जुन्यातले दोन बुरूज तेवढे अजून शाबूत आहेत. बाग मात्र सरदाराच्या काळातले नकाशे आणि चित्रं समोर ठेवून जशीच्या तशी लावली. तिथले सारसही युद्धात नाहीसे झाले होते. ओकायामात शिकलेले चिनी लेखक क्वो मोरुओ यांनी १९५६ मध्ये एक जोडी भेट पाठवली, आणि बागेत पुन्हा सारस आले. दोन देश नुकतेच एकमेकांशी लढलेले असताना!

पुढच्या गटाने तीन तास तरी राखून ठेवावेत. सामान स्टेशनावरच्या लॉकरमध्ये टाकावं, हिगाशियामाकडे जाणारी ट्राम घ्यावी, शिरोशिता थांब्यावर उतरावं. तिथून दहा मिनिटं चालत. आधी बाग, मग त्सुकिमी पूल ओलांडून किल्ला. हिरोशिमाची गाडी संध्याकाळी आरामात मिळते.