वाटाड्या पुस्तकांविषयी

परदेशी जाण्याचे ठरले की आपल्याकडे तिकिटे, व्हिसा, बॅगेचे वजन आणि सोबत न्यायच्या चकल्या-लाडू यांची चर्चा महिनोन् महिने चालते. कोणते पुस्तक न्यायचे हा प्रश्न मात्र शेवटच्या आठवड्यात, दुकानाच्या फडताळापुढे उभ्याउभ्या सुटतो. आम्हांस हा क्रम उफराटा वाटतो. चित्रे, देवळे आणि जुनी शहरे पाहण्यासाठीच जो निघाला आहे, त्याने परक्या गावात कोणाच्या डोळ्यांनी पाहायचे हे आधी ठरवावे. पैसे साठवून एखाद्याच वेळी घडणाऱ्या प्रवासात दिवस मोजके असतात, आणि त्यांतून काय गळणार हे बरेचसे पुस्तकच ठरवते.

छापील वाटाड्याची आजची घडण एकोणिसाव्या शतकातली. लंडनच्या जॉन मरे यांनी १८३६ साली युरोपखंडातील प्रवाशांसाठी पहिले हँडबुक काढले; पुढे कोब्लेंझच्या कार्ल बेडेकर यांच्या लाल पुस्तकांनी तर या प्रकारालाच आपले नाव दिले. (ते नाव वाचून मराठी माणसाला लोणचे आठवले, तर त्यात त्याचा दोष नाही.) महत्त्वाच्या स्थळापुढे तारका छापण्याची बेडेकरची पद्धत सोयीची खरी, पण तारका ही शिफारस असते तशी आज्ञाही होऊन बसते. १९४२ साली ल्यूबेकवरील बाँबहल्ल्याचा सूड म्हणून जर्मन विमानांनी एक्सेटर, बाथ, नॉर्विच, यॉर्क आणि कँटरबरी ही गावे भाजून काढली, तेव्हा बेडेकरने तारका दिलेल्या इमारती आम्ही पाडू, अशा आशयाचे उद्गार एका जर्मन प्रवक्त्याने काढले होते. त्या हल्ल्यांना 'बेडेकर हल्ले' हेच नाव पडले. तारका लावणाऱ्याचा यात काही अपराध नाही. परंतु काय मोलाचे हे सांगणारी यादी किती दूरवर पोहोचते, याचा हा दाखला आहे.

ई. एम. फॉर्स्टर यांच्या १९०८ च्या 'अ रूम विथ अ व्ह्यू' या कादंबरीतली लूसी फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमध्ये बेडेकरवाचून एकटी पडते, आणि तिथल्या इतक्या थडग्यांतले नेमके कोणते सुंदर मानायचे हेच तिला उमजेनासे होते. आम्ही इटलीवरचे कोणतेही पुस्तक हाती घेतले, की प्रथम हेच चर्च उघडतो.

मायकेलअँजेलो, माकियाव्हेली व गॅलिलिओ यांची थडगी तिथे आहेत, एवढे कोणतेही पुस्तक सांगते. दांतेचे स्मारक तिथे असले तरी त्याच्या अस्थी राव्हेन्नात आहेत, हे बरे पुस्तक सांगते. पण खरी कसोटी जोत्तोच्या चित्रांपाशी लागते. बार्दी आणि पेरुत्सी या दोन कुटुंबांच्या प्रार्थनागृहांतली ही भित्तिचित्रे पुढे चुन्याखाली गेली. एकोणिसाव्या शतकात ती उघडी करून त्यांवर नव्याने रंगकाम झाले. आणि विसाव्या शतकाच्या मध्यास ते नवे रंग काढून टाकण्यात आले. म्हणजे रस्किनच्या काळच्या प्रवाशाने पाहिलेले चित्र आणि आज दिसणारे चित्र एक नव्हे. ४ नोव्हेंबर १९६६ च्या आर्नोच्या पुराने याच वास्तूतील चिमाबुएच्या क्रूसाचा बराचसा रंग धुऊन नेला. ही हकीगत दोन ओळींत न देता केवळ 'अप्रतिम' म्हणून पुढे जाणारे पुस्तक आम्ही परत ठेवतो. बार्दीतली चित्रे प्रामुख्याने ओल्या गिलाव्यावरची, पेरुत्सीतली बरीचशी कोरड्यावरची, म्हणून दुसरी अधिक झिजली. एवढे ज्याने सांगितले, त्याने आपल्याला पाहायला शिकवले.

दुसरी कसोटी घरबसल्या करता येते. ज्या मालिकेतले पुस्तक घ्यायचे, तिचा भारतावरचा खंड वाचनालयात मिळवावा आणि अजिंठा वाचावा. सातवाहनकाळातील आणि पाचव्या शतकातील वाकाटककालीन लेण्यांमध्ये तो फरक करतो काय? तिथली चित्रे कोरड्या गिलाव्यावरची आहेत हे त्याला ठाऊक आहे काय? आपल्या अंगणाविषयी जो बेफिकीर आहे, तो दुसऱ्याच्या अंगणाविषयी काटेकोर असेल असे मानायला आधार नाही.

तिसरी कसोटी थोडी आमच्या मायेची आहे. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्स येथे वारले. वय अवघे वीस. आर्नो आणि मुन्योने यांच्या संगमावर त्यांचा अग्निसंस्कार झाला. काशीने उद्यानाच्या टोकाशी त्यांची छत्री व अर्धपुतळा आहे, आणि जवळच्या १९७८ च्या पुलालाही 'इंडियानो' हेच नाव आहे. उफ्फीत्सीच्या दारात संपणाऱ्या पुस्तकांत ही छत्री सापडत नाही. जिथे सापडते, तिथे लेखक गावाच्या कडेपर्यंत पायी गेला होता असे आम्ही समजतो.

वेळा, दर आणि तिकिटे आता मोबाइलवर अधिक ताजी मिळतात. त्यासाठी पुस्तकाचे ओझे नको. 'अपूर्वाई' किंवा मीना प्रभूंचे 'रोमराज्य' यांचे काम निराळे. ती ओढ लावतात, हात धरून भिंतीपुढे उभे करण्याची अपेक्षा त्यांच्याकडून करू नये. वाटाड्या पुस्तकाकडे मागायची ती पारख, आणि त्या पारखेमागची कारणे. कारणे दिलेली असली तर आपण असहमतही होऊ शकतो. नुसत्या तारकेशी वाद घालता येत नाही.

म्हणून वाचकांस आमची विनंती एवढीच, की पुस्तक निदान महिनाभर आधी घ्यावे आणि घरीच वाचून काढावे. मग त्या प्रार्थनागृहात ते मिटून हातात धरावे, डोळे सरावेपर्यंत भिंतीकडे पाहावे, आणि मनात प्रश्न उभा राहिला तरच उघडावे.