राघूची पावती

मामंजींनी २०१२ साली आफ्रिकन राखाडी पोपट घरी आणला, तेव्हा दुकानदाराने पावती दिली नाही आणि त्यांनीही मागितली नाही. आता मामंजी नाहीत. पण चार वाजले की राघू त्यांच्याच आवाजात विचारतो, ‘‘अगं, चहा झाला का?’’ आणि सासूबाई आतून ‘‘आणते हो’’ म्हणतात.

२०२४च्या फेब्रुवारीत केंद्राचे नियम आले. अशा विदेशी पक्ष्यांची सहा महिन्यांत सरकारकडे नोंद करायची होती. सासूबाईंची झोपच उडाली. ‘‘पावती नाही म्हणून नेतील गं त्याला!’’

मी समजूत घातली, ‘‘आई, आपला हिरवा पोपट तर पाळताच येत नाही. याची निदान नोंद तरी होते.’’ नियम मला पटत होता. जंगलातून पकडलेल्या या पोपटांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ पासून बंदी आहे. आमचा राघूही कदाचित कुठल्या तरी थव्यातला असेल, हे इतक्या वर्षांत मनातही आले नव्हते.

ऑगस्टमध्ये यांनी अर्ज भरला. तेव्हापासून दाराची बेल वाजली की सासूबाई धावत जाऊन पिंजऱ्यावर चादर टाकतात. चादरीखालून मामंजींचा खणखणीत आवाज येतो, ‘‘कोण आहे?’’