केरीचा धक्का



गेल्या महिन्यात आमचे सर गेले. पेडण्यात त्यांच्या अंगणात उभे असताना आम्हा दोघांना एकच पहाट आठवत होती. ती आज तुम्हांला सांगतो.

आम्ही दोघे डिचोलीचे. विद्यापीठात मराठी शिकवायला नुकतेच लागलो होतो. सर वयाने आणि मानाने कितीतरी मोठे, तरी आम्हांला 'अहो' म्हणत. ते हिंदू, आम्ही ख्रिस्ती. पण फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण आम्हांला त्यांनीच वाचायला शिकवले. "हा इंग्रज १५७९ साली गोव्यात आला. आधी इथल्या लोकांची भाषा शिकला, मग त्यांच्याच ओवीत बोलला. १६१६ साली राशोलला त्याचे पुराण छापले गेले. लोकांपर्यंत आधी तो गेला, हे विसरू नका," असे ते सांगत. आम्ही मान डोलवत असू.

आमच्या वर्गात एक मुलगी रोज उशिरा येई. आम्ही तिची हजेरी लावणे बंद केले. एकदा तर सर्वांदेखत तिला दारातूनच परत पाठवले. सरांच्या कानावर ते गेले, पण ते काहीच बोलले नाहीत. रविवारी मात्र त्यांनी आम्हांला पेडण्याला जेवायला बोलावले आणि रात्री ठेवूनही घेतले.

सोमवारी काळोखातच उठवून त्यांनी आम्हांला केरीच्या धक्क्यावर आणले. तेरेखोलहून फेरीबोट आली. तिच्यातून तीच मुलगी उतरली. आम्हांला पाहून ती घाबरली. सर म्हणाले, "चल बाय, आज आम्ही तुझ्याबरोबर येतो."

केरीहून म्हापसा, म्हापशाहून पणजी, तिथून विद्यापीठ. प्रत्येक ठिकाणी बसची वाट पाहणे. पोहोचलो तेव्हा तास सुरू होऊन गेला होता. सरांनी घड्याळाकडे पाहिले आणि हसून म्हणाले, "आज आपण चौघेही उशिरा!"

बस्स, एवढेच. आम्हांला ते रागावले असते तर बरे झाले असते. आम्ही तिची क्षमा मागितली. शिक्षण सोडण्याचा अर्ज तिच्या पिशवीत तयार होता, हे नंतर कळले. आज ती शिक्षिका आहे. सरांच्या अंगणात आमच्या आधी ती येऊन उभी होती.

प्रेषितांच्या कृत्यांत बर्णबा असाच भेटतो. शौलाला सगळे शिष्य भीत असताना त्यानेच त्याच्या वतीने शब्द टाकला. पुढे अंत्युखियात काम वाढले, तेव्हा त्याला शोधायला तो स्वतः तार्सला गेला. पौलाची पत्रे आपण मिस्सामध्ये ऐकतो; त्यांच्यामागे बर्णबाची ही पायपीट आहे.

रविवारी मिस्सा सुरू झाल्यावर मागच्या दाराने कोणी आत येते, तेव्हा आपण मान वळवून पाहतो. ते कुठून, काय उरकून आले असतील, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले आहे?

हे प्रभू, आमच्या सरांसाठी आम्ही तुझे आभार मानतो. ज्यांना आम्ही दारातून परत पाठवले, त्यांच्या वाटेवर आम्हांलाही चालव. आमेन.