नावेवरची पाटी

आमच्या चुडाव्यास समुद्र नाहीं. परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यांतलें हें गांव. पूर्णा आणि नांदेड यांच्या दरम्यान ज्या लहान स्टेशनांवर पॅसेंजर थांबते त्यांपैकीं एक. चोहोंकडे काळी जमीन, कापूस, सोयाबीन, हळद. पाणी म्हणाल तर पूर्णा नदी गोदावरीस मिळते ती आमच्याच तालुक्यांत. पण नदीला दोन कांठ असतात, आणि ज्याला या कांठावर उभें राहून पलीकडचें झाड दिसतें त्याला दिशादर्शनाची विद्या लागत नाहीं. अशा गांवांत लहानाचा मोठा झालेल्या, पोहतां न येणाऱ्या आणि तीस वर्षें कॉलेजांत इंग्रजी वाङ्मय शिकवीत आलेल्या माणसाकडे अलीकडे एक विलक्षण काम आलें. माझ्या मुलीनें फोनवर सांगितलें, "बाबा, आमच्या होडीवर दिशा पाहण्यासाठीं टॅब्लेट घ्यायचा आहे. कोणता घ्यायचा तें तुम्ही ठरवा."

विचारणा खरेदीची होती. पण तिच्यामागचा दुसरा प्रश्न मला स्पष्ट ऐकूं आला. ती मुंबईस नोकरीला आहे. सुटीच्या दिवशीं जाऊन ती शिडाची होडी चालविण्यास शिकली. आतां तिघी मैत्रिणींनीं मिळून चोवीस फुटांची एक जुनी होडी घेतली असून येत्या हिंवाळ्यांत मुंबईहून मालवणपर्यंत टप्प्याटप्प्यानें जाण्याचा त्यांचा बेत आहे. 'मी जाऊं का?' असें तिनें विचारिलें नाहीं. स्वतःच्या पायांवर उभ्या असलेल्या मुलीनें तें विचारावें अशी माझीहि अपेक्षा नाहीं. परंतु टॅब्लेट निवडण्याचें काम मजकडे देऊन तिनें त्या होडींत माझ्यापुरती थोडी जागा करून दिली. संमति मागण्याची ही रीत मला फार सुसंस्कृत वाटली. नकार द्यावयाचा तर तो आतां एका यंत्राला द्यावा लागणार होता!

घरांत समुद्र जाणणारें माणूस एकच, तें म्हणजे माझी पत्नी. तिचें माहेर रेवदंड्याचें. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. ती हकीकत तिच्या माहेरीं अजूनहि निघते, आणि निघाली म्हणजे घर क्षणभर गप्प होतें. मी कागद-पेन्सिल घेऊन यंत्रांची तुलना करीत बसलेला पाहून ती एवढेंच म्हणाली, "अहो, टॅब्लेट घ्याच. पण तो समुद्र दाखवतो कीं समुद्राचा नकाशा, तेवढें आधीं पाहा." हा भेद मीं त्या वेळीं नुसता ऐकून घेतला; त्याचा अर्थ पुढें हळूहळू कळत गेला.

समुद्रापासून निदान चारशें किलोमीटर आंत बसून असला उद्योग करावा याचें प्रथम मला हंसूं आलें. पण चौकशी करतां असें समजलें कीं, आपल्या देशाच्या सागरी नकाशांचें मुख्य कार्यालय आहे डेहराडूनला, हिमालयाच्या पायथ्याशीं. आणि लाटा किती उंच उठतील, मासे कोठें सांपडण्याचा संभव आहे, हें कोळ्यांना कळविणारें महासागर माहिती सेवा केंद्र आहे हैदराबादेस, दख्खनच्या खडकावर. मग चुडाव्यानेंच काय पाप केलें आहे? समुद्राचा अभ्यास करण्यास समुद्रकांठ लागतोच असें नाहीं. समुद्रावर जाणाऱ्या कोणाची तरी काळजी असली म्हणजे पुरे.

नांदेडच्या एका दुकानांत गेलों. विक्रेता तरुण आणि अगत्यशील होता. त्यानें एक चकचकीत टॅब्लेट पुढें ठेविला, नकाशा उघडला, आणि त्यावर निळा बिंदु उमटतांच विजयी मुद्रेनें म्हटलें, "पाहा सर, तुमची जागा आली!" जागा आली खरी, पण ती कोणी सांगितली हा प्रश्न उरतोच. शहरांत असलें यंत्र आसपासच्या वाय-फायच्या खुणांवरूनहि आपला ठावठिकाणा ओळखूं शकतें. समुद्रावर या खुणा कोठल्या? तेथें आधार फक्त आकाशाचा. सुमारें वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह आपापली वेळ अत्यंत काटेकोरपणें सांगत असतात. निदान चार उपग्रहांचे संदेश किती विलंबानें पोंचले हें मोजून यंत्र आपली जागा काढतें. अमेरिकेची जीपीएस ही व्यवस्था १९९५ सालीं पूर्णपणें कार्यान्वित झाली. सामान्य लोकांकरितां तिच्यांत मुद्दाम ठेवलेली चूक मे २००० मध्यें काढून टाकण्यांत आली. आणि भारतानें आपल्या स्वतःच्या नाविक या मालिकेंतला पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजीं सोडला. एवढें सारें आकाशांत असून उपयोग काय, जर हातांतल्या यंत्राला तें ऐकण्याचा कानच नसेल? ॲपलच्या आयपॅडचे दोन प्रकार मिळतात. त्यांपैकीं नुसत्या वाय-फायवर चालणाऱ्या प्रकारांत हा कान नसतो, सिमकार्डाची सोय असलेल्या प्रकारांत असतो. मौज अशी कीं त्यासाठीं सिमकार्ड घालावें मात्र लागत नाहीं. बाहेरून पाहणाऱ्यास दोन्हीं जुळीं भावंडें दिसतात. किंमतीवरूनच काय तो संशय यावा.

मग मीं परीक्षा घेण्याचें ठरविलें. माझा सारा जन्म त्यांतच गेला आहे. माझ्या पुतण्याचा वाय-फायचा आणि एका सहकाऱ्याचा सिमकार्डाचा, असे दोन आयपॅड घेऊन मी चुडाव्याच्या शेतांत गेलों. दोहोंचे बाकीचे सर्व संबंध तोडून टाकले. चहूंकडे क्षितिजापर्यंत पसरलेलें काळें रान. समुद्राची इतकी चांगली नक्कल आमच्याकडे दुसरी नाहीं. सहकाऱ्याच्या आयपॅडनें थोडा वेळ विचार केला आणि एकोणीस अंश उत्तर, सत्त्याहत्तर अंश पूर्व अशी आमच्या बांधाची जागा बिनचूक सांगितली. पुतण्याचा मात्र रिकामा नकाशा दाखवीत बसला. कोणत्याहि ग्राहकानें दुकानांत पैसे मोजण्यापूर्वीं हाच प्रयोग करावा. त्याला खर्च नाहीं आणि शेत नसलें तर मोकळें मैदानहि चालतें.

त्या शेतानें दुसरीहि गोष्ट शिकविली. दुपारच्या उन्हांत पडद्यावर मला माझाच चेहरा दिसूं लागला. घरांत डोळे दिपविणारा प्रकाश सूर्यापुढें काजव्यासारखा होतो; म्हणून पडद्याचें तेज किती आहे हें आधीं विचारावें. पुन्हां, आयपॅड सुमारें पस्तीस अंश सेल्सिअस उष्णतेपर्यंतच वापरावा असें त्याचे कर्तेच सांगतात. कोंकणच्या उन्हांत होडीच्या उघड्या फळीवर ठेविलेलें यंत्र ती मर्यादा सहज ओलांडील. मग तें प्रथम पडदा मंद करतें आणि अखेर स्वतःला वांचविण्यासाठीं काम थांबवितें, आणि तें नेमकें अशा वेळीं, जेव्हां खाडीचें तोंड जवळ आलेलें असतें. मिठाच्या पाण्याची कथा निराळीच. पाण्यांत टिकण्याची जी परीक्षा यंत्रें उत्तीर्ण झालेलीं असतात ती गोड्या पाण्यांतली असते. खारें पाणी विजेच्या तोंडाशीं वाळलें म्हणजे गंज धरतो. ओल्या बोटांचा स्पर्श पडद्याला कळत नाहीं, आणि लाटेचा शिंतोडा मात्र त्याला बोट वाटतो! या सर्वांचा विचार करून मीं दणकट बांध्याचा, बॅटरी बदलतां येणारा आणि हातमोज्यांतल्या बोटालाहि ओळखणारा, कामगारांसाठीं बनविलेला एक आठ इंची टॅब्लेट निवडला. तो दिसावयास मुळींच सुंदर नाहीं. होडीवर तो गुणच समजावा.

यंत्र ठरलें, पण पत्नीचा प्रश्न अजून बाकी होता. उपग्रह सांगतात ती केवळ आपली जागा. आजूबाजूला काय आहे तें सांगतो नकाशा, आणि नकाशा माणसांनीं काढलेला असतो. तो आधीं उतरवून यंत्रांत सांठवावा लागतो, कारण किनाऱ्यापासून दूर मोबाइलचा संकेत तुटतो. शिवाय या नव्या नकाशांना एक चमत्कारिक खोड असते. मोठा प्रदेश पाहण्यासाठीं नकाशा आंखडता घेतला कीं पडद्यावर गर्दी होऊं नये म्हणून बारीकसारीक तपशील गळून पडतात. आणि खडक हा, दुर्दैवानें, बारीक तपशीलच असतो. २९ नोव्हेंबर २०१४ च्या रात्रीं जगप्रदक्षिणेच्या शर्यतींतली 'व्हेस्टास विंड' ही शिडाची बोट केपटाउनहून अबूधाबीकडे जात असतां मॉरिशसच्या ईशान्येस कार्गाडोस काराहोसच्या खडकांवर भरवेगांत आदळली. बोटीवर उत्तम यंत्रें होतीं, निष्णात दर्यावर्दी होते, आणि ती खडकाळ बेटें नकाशांत होतीं. पण पुरेसें जवळून पाहिल्याशिवाय तीं दिसत नव्हतीं आणि तसें पाहिलें गेलें नाहीं. नऊहि माणसें वांचलीं, हें सुदैव. मालवणच्या किनाऱ्यालगत पाण्याखालीं किती खडक आहेत हें ज्याला ठाऊक आहे त्याला या गोष्टीचा निराळा अर्थ सांगावयास नको. मुलीला मीं हें सांगितलें तेव्हां तिनें शांतपणें उत्तर दिलें, "म्हणून तर निघण्यापूर्वीं सबंध मार्ग मोठा करून, इंचाइंचानें तपासायचा असतो, बाबा." तिला तें आधींच माहीत होतें. शिक्षकाला असा क्षण अप्रिय वाटतो म्हणतात. मला त्या रात्रीं बरी झोंप लागली.

माझ्या पिढीचे कांहीं स्नेही यावर म्हणतील, 'मग हें सोंग हवें कशाला? आपले पूर्वज काय टॅब्लेट घेऊन गेले होते?' गंमत अशी कीं एका अर्थानें गेले होते. अरबी समुद्रांतले अरब व हिंदी नावाडी 'कमाल' नांवाची एक लहानशी लांकडी पाटी बाळगीत. तिच्या मध्यांतून गांठी मारलेली दोरी ओवलेली असे. दोरी दांतांत धरून पाटीची खालची कड क्षितिजाला आणि वरची ध्रुवताऱ्याला टेकवावयाची. जी गांठ दांतांत आली ती बंदराची उत्तरेकडील पायरी सांगे. साधन सुंदर होतें. पण ढग आले कीं पाटी आंधळी, आणि पूर्वपश्चिम तर तिला मुळींच ठाऊक नसे. जुन्याचा अभिमान धरावा, पण त्याच्या मर्यादा झांकूं नयेत. कमांडर अभिलाष टॉमी हे २०१८ सालीं मुद्दाम जुन्या साधनांनीं, उपग्रहांचा आधार न घेतां, सूर्यतारे मोजून करावयाच्या गोल्डन ग्लोब शर्यतींत उतरले होते. सप्टेंबरांत दक्षिण हिंदी महासागरांत वादळानें त्यांच्या नौकेच्या डोलकाठ्या मोडल्या, त्यांच्या पाठीला जबर दुखापत झाली. आणि तेव्हां त्यांचा शोध लागला तो आणीबाणीसाठीं बरोबर दिलेल्या उपग्रहसंदेशाच्या यंत्रामुळेंच. पुढें तेच गृहस्थ पुन्हां त्याच शर्यतींत उतरले आणि २०२३ सालीं दुसरे आले. ताऱ्यांवर इतकें प्रेम करणारा माणूसहि संकटांत यंत्राची मदत घेतो, आणि यंत्रानें वांचविल्यावरहि ताऱ्यांकडे परत जातो. या दोहोंत भांडण लावण्याचें काम आपण काठावरच्यांनीं करूं नये.

तेव्हां आमच्या यादींत टॅब्लेटबरोबर आणखी कांहीं वस्तु गेल्या. तोच नकाशा सांठविलेला एक जुना फोन, कोरड्या पिशवींत, कागदी नकाशा, होकायंत्र, आणि एक जाड वही, जिच्यांत दर अर्ध्या तासानें आपली जागा, दिशा आणि वेळ लिहावयाची. लहानपणीं आम्ही दगडी पाटीवर लिहीत होतों. पाटी एका ओल्या फडक्यानें पुसली जाते हें मराठी शाळेंत गेलेल्या माणसाला कोणी सांगावें लागत नाहीं. यंत्र बंद पडलें तर शेवटच्या अर्ध्या तासापूर्वीं आपण कोठें होतों एवढें वही सांगेल, आणि तेवढ्यावरून पुढचा हिशेब मांडतां येतो.

पत्नीनें आपल्या भावाला रेवदंड्यास फोन लावला. त्यानें एका तांडेलाला विचारून जें कळविलें तें कोणत्याहि नकाशांत नव्हतें: खुंटांना बांधलेलीं डोल जाळीं कोठें कोठें लागलेलीं असतात, त्यांचे बोये रात्रीं दिसत नाहींत, म्हणून त्या पट्ट्यांतून अंधार पडल्यावर जाऊं नये. जाळीं हंगामाप्रमाणें हलतात, वाळूचे दांडे सरकतात. नकाशा जेथें संपतो तेथें माणसाला विचारावें लागतें. समुद्र आणि समुद्राचा नकाशा यांतला भेद तो हाच.

एक गोष्ट मात्र मीं नाकारली. मुलगी म्हणाली, "माझी जागा तुम्हांला घरबसल्या सतत दिसेल अशी सोय करून ठेवतें." मोह मोठा होता. परंतु संकेत तुटला कीं तो बिंदु जागच्या जागीं गोठतो, आणि थांबलेला बिंदु व थांबलेली नाव यांतला फरक मध्यरात्रीं चुडाव्यांत बसलेल्या बापाला कळत नाहीं. त्यापेक्षां आम्ही एक कागद केला. कोणत्या दिवशीं कोठून कोठें, होडींत किती जणी, शिडाचा रंग कोणता, पोंचण्याची वेळ काय. पोंचल्यावर तिनें फोन करावयाचा. ठरल्या वेळेनंतर दोन तास फोन आला नाहीं तर आम्हीं तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर कळवावयाचें. भीतीला असें वेळापत्रक दिलें म्हणजे ती उरलेल्या वेळांत माणसाला आपलें काम करूं देते.

तो कागद आतां आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशीं लावला आहे. माझ्या हस्ताक्षरांतल्या सहा ओळींखालीं पत्नीनें आपली एक ओळ वाढविली आहे: 'वारा बरा नसला तर त्या दिवशीं निघूं नये, उशीर झाला म्हणून येथें कोणी रागावणार नाहीं.'